मोरी, न्हाणी, बाथरूम: चार बाय सहाच्या खोलीचा इतिहास

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जसं आलं, तसंच बरंचसं ठेवलंय. ज्यांना बसमध्ये हेडफोन लावून ऐकायचंय त्यांनी ऐका, ज्यांना वाचायचंय त्यांनी वाचा.)



आजच्या भागात राजा नाही, लढाई नाही, तह नाही. आज एक खोली आहे. चार फूट बाय सहा फूट. तुमच्यातले निम्मेजण हा भाग कदाचित त्याच खोलीत मोबाईल नेऊन ऐकत असतील. हसू नका, मलाही माहितीय.

झालं असं की वेल्ह्याकडं, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात, आमच्या आजीचं घर आहे. सोळा फूट बाय पंचवीस फूट. दगडमातीच्या भिंती, वर कौलं, पुढं पडवी, मधे सोपा, आत चूल आणि उजव्या अंगाला गोठा. आजीचे गुडघे गेले. न्हाणी घराच्या मागं, संडास त्याच्याही पलीकडं बांधाला, आणि पावसाळ्यात मधली वाट म्हणजे नुसती निसरडी शेवाळ. एकदा ती पडली. मग आत्यानं फोनवर सगळ्यांना सांगितलं, "आता घरातच बाथरूम करायचं. बास."

करायचं ठीक आहे, पण कुठं? दिवाळीच्या सुट्टीत मी, काका आणि भोरहून आलेले गवंडीमामा टेप घेऊन घरभर फिरलो. सोप्यातून जागा घेतली तर झोपायला जागा राहत नाही. पडवीत केलं तर पाहुण्यांच्या तोंडावर दार. चुलीमागच्या कोपऱ्यात मोकळी जागा होती, पण ती दाखवल्यावर आजी कडाडली, "आरं, चुलीच्या पाठीला संडास आणतुयास व्हय? मी न्हाय जायाची तिथं!"

मला आधी वाटलं, म्हातारं माणूस, जुने विचार. नंतर थोडं वाचत गेलो आणि लक्षात आलं, आजीच्या त्या एका वाक्यामागं काही शतकांचा इतिहास उभा आहे. चला तर मग.

आधी शब्द

मराठीत अंघोळीच्या जागेला किती शब्द आहेत बघा. न्हाणी, न्हाणीघर, मोरी, आता बाथरूम. यातला मोरी हा शब्द फार मजेशीर आहे. भोर-महाड रस्त्यानं गेलात तर ओढ्यावर रस्त्याखालून पाणी जायला जी वाट ठेवलेली असते, तिलाही मोरीच म्हणतात. म्हणजे मोरी हे मुळात पाणी बाहेर जाण्याच्या वाटेचं नाव. खोलीला नाव पडलं ते भोकावरून!

आणि यात सगळं शहाणपण आहे. अंघोळीची जागा ठरवायची म्हणजे बादली कुठं ठेवायची हे ठरवायचं नसतं. पाणी कुठून जाणार, हे आधी ठरवायचं. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या मोहेंजोदडोत घराघरात विटांचा अंघोळीचा चौथरा सापडतो, आणि तो बहुतेक वेळा गल्लीच्या बाजूच्या भिंतीला लागून असतो. कारण साधं आहे, सांडपाणी सरळ भिंतीतून बाहेरच्या गटारात. घराच्या मध्यभागी न्हाणी करायचा मूर्खपणा तेव्हाही कुणी केला नव्हता.

अजून एक गंमत. तुमच्या बाथरूमच्या फरशीत जाळीखाली एक वाटीसारखा भाग असतो. त्यात थोडं पाणी कायम साठून राहतं आणि त्या पाण्यामुळं गटाराचा वास वर येत नाही. भारतभरच्या प्लंबिंगच्या दुकानात, सिव्हिल इंजिनिअरिंगच्या पुस्तकात त्याचं नाव काय आहे माहितीय? "नहाणी ट्रॅप". चेन्नईतला कंत्राटदारसुद्धा नहाणी ट्रॅपच मागतो. आपल्या आज्यांची न्हाणी अशी देशभराच्या फरशीखाली जाऊन बसलीय.

मावळातलं घर आणि आडोसा

आता आपल्या भागातलं जुनं घर डोळ्यापुढं आणा. भोर आणि वेल्हे म्हणजे सह्याद्रीच्या पायाशी, खाचरांच्या उताराला वसलेली गावं. पाऊस चार महिने झोडपणारा. त्यामुळं घर बुटकं, छप्पर उतरतं, खिडक्या कमी. घरात माणसं, भात, सरपण आणि जनावरं सगळी एकाच छपराखाली. गोठा आतच, कारण त्या पावसात बैल बाहेर बांधला तर तो टिकायचा नाही, आणि बैल नाही तर शेती नाही. जागेचा हिशोब असा होता, की बैलाला जागा आधी आणि माणसाच्या अंघोळीला नंतर.

मग अंघोळ कुठं? परसात. घराच्या उताराच्या अंगाला एक मोठा सपाट दगड, त्याच्या तीन बाजूंना कारवीच्या काठ्यांचा कूड, शेणामातीनं लिंपलेला, वर आभाळ. सांडपाणी जायचं अळूला, केळीला, कर्दळीला. पुरुषमाणसं ओढ्यावर, विहिरीवर नाहीतर उघड्यावर दगडावर बसून मोकळी व्हायची. बायकांचं तसं नव्हतं. त्यांनी उजाडायच्या आत उरकायचं, नाहीतर पुरुष शेतावर गेल्यावर. आणि पाऊस लागला की त्याच दगडावर, तोच पाऊस अंगावर घेत.

या आडोशाला सरकारी कागदातही जागा आहे. २०११ च्या जनगणनेत घरोघरी विचारलं होतं, अंघोळीची सोय कशी आहे? उत्तराचे तीन पर्याय होते. न्हाणीघर आहे, छप्पर नसलेला आडोसा आहे, किंवा काहीच नाही. ग्रामीण भारतात पक्कं न्हाणीघर होतं साधारण २५ टक्के घरांत. छप्पर नसलेला आडोसा साधारण २० टक्के घरांत. उरलेल्या ५५ टक्के घरांत काहीच नाही. हे २०११ बरं का, शिवकाळ नव्हे. तोवर हातोहाती मोबाईल आले होते.

दोन वेगळ्या गोष्टी

आता आजीच्या वाक्याकडं परत. तिला चुलीमागं न्हाणी चालली असती. नको होता तो संडास. कारण आपल्याकडं या दोन गोष्टी कधी एक नव्हत्याच. न्हाणी घराची, संडास घराबाहेरचा. भाषेतच बघा. "परसाकडं जाऊन येतो" म्हणजे काय, हे सांगायला नको. परस म्हणजे घरामागची जागा, आणि जागेचंच नाव त्या कामाला चिकटलं. कुणी "बाहेर" गेलं म्हणायचं, कुणी "दिशेला". सगळे शब्द घरापासून लांब पाठवणारे.

मोठ्या घरांत, गडांवर मात्र वेगळी सोय असायची. रायगडावर राणीवशाच्या महालांचे अवशेष बघायला गेलात तर तिथं शौचकूप दाखवतात. शौचकूप, म्हणजे शब्दशः शौचाचा कूप, विहीर. जुन्या मराठीत आणखी एक शब्द आहे, शेतखाना. त्याचा शेताशी संबंध नाही! तो सेहतखाना या फारसी वळणाच्या शब्दावरून आला. सेहत म्हणजे तब्येत. म्हणजे आरोग्यघर. काय सुंदर नाव आहे, नाही?

पण या सुंदर नावामागं एक काळी गोष्ट आहे आणि ती टाळून हा इतिहास सांगता येत नाही. शहरातल्या वाड्यांत, पुढं मुंबई-पुण्याच्या इमारतींत जे संडास बांधले गेले, ते बरेचसे टोपलीचे होते. खाली टोपली किंवा डबा, आणि तो रोज उपसायला माणूस. तो माणूस कुठल्या जातीचा असायचा, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यानं पुढच्या दारानं यायचं नाही म्हणून मागच्या बाजूनं अरुंद बोळ ठेवला जायचा. मुंबईत अजून "हाऊस गल्ली" म्हणतात ती हीच. म्हणजे इमारतीचा नकाशाच जातीनं काढला होता. संडास घराच्या शेवटच्या टोकाला का, तर वास येतो म्हणून, हे अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं असं, की तो साफ करणारा माणूस घरात यायला नको होता.

याच्याशी भांडलेली माणसं आपल्याकडं होती. कोकणातले अप्पासाहेब पटवर्धन १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात होते. त्यांनी मागणी केली, मला सफाईचं काम करू द्या. जेलच्या नियमात ते "उच्च" जातीच्या कैद्याला देत नसत. अप्पांनी अन्न कमी करून निषेध सुरू केला. ही गोष्ट येरवड्यात गांधीजींना कळली आणि डिसेंबर १९३२ मध्ये त्यांनीही त्यांच्या बाजूनं उपवास धरला. विचार करा, संडास साफ करायची परवानगी मिळावी म्हणून उपोषण! पुढं अप्पांनी कणकवलीजवळ गोपुरीत आश्रम उभा केला आणि मैला हातानं उपसावा लागणार नाही, त्याचं खत होईल, अशा स्वस्त संडासांवर वर्षानुवर्षं काम केलं. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनं १९४९ मध्ये सफाई कामगारांच्या स्थितीचा अभ्यास करायला बर्वे समिती नेमली. तरी हातानं मैला उपसण्यावर बंदीचा केंद्राचा कायदा यायला १९९३ साल उजाडलं, आणि तो पुरला नाही म्हणून २०१३ मध्ये दुसरा करावा लागला.

तेव्हा आजी "चुलीच्या पाठीला नको" म्हणते, त्यात वासाची भीती आहे, देवाधर्माची आहे, आणि कळत-नकळत हा सगळा वारसाही आहे. तिच्याशी वाद घालण्याआधी हे समजून घ्यायला हवं होतं. मी घातला नाही असं नाही. पण समजलं नंतर.

दहा बाय बाराची शाळा

मग छोट्या जागेत मोरी बसवायची कला आली कुठून? माझ्या मते, मोठा वाटा मुंबईचा.

मावळातून आणि एकूणच घाटावरून पिढ्यानपिढ्या माणसं मुंबईला गेली. गिरणीत, गोदीत, हमालीला. राहायची चाळीत. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, दाटीवाटीची वस्ती हे संकट आहे हे सरकारला कळलं, आणि १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यांच्या चाळी आल्या, मग १९२० च्या दशकात बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी. एका कुटुंबाला, किंवा दहा-बारा एकट्या गड्यांना मिळून, साधारण १६० चौरस फुटांची एक खोली. संडास मजल्यावर सामायिक. पण खोलीच्या कोपऱ्यात एक मोरी!

तीन फूट बाय तीन फुटांचा चौकोन. वीतभर उंचीचा कट्टा, शहाबादी फरशी, भिंतीला भोक. या एवढ्या जागेत सकाळी अंघोळ, मग भांडी, मग धुणं, रात्री प्यायचं पाणी भरलेली पिंपं. बायकांच्या अंघोळीला दोरीवर साडी टाकून पडदा आणि तेवढ्या वेळात पुरुष गॅलरीत. एक जागा, पाच कामं, वेळेची वाटणी. आज तुम्ही इन्स्टावर "स्मॉल स्पेस हॅक्स" बघता ना, ते सगळं या मोरीनं शंभर वर्षांपूर्वी करून ठेवलंय.

आमचे आजोबा मुंबईतून सुट्टीला यायचे तेव्हा एकदा त्यांनी चुलीजवळच्या कोपऱ्यात अशीच मोरी बांधून घेतली. आजीला हात धुवायला, भांडी विसळायला, आणि पावसाळ्यात आत अंघोळ करायला. गावात ती "मुंबईची मोरी" म्हणून प्रसिद्ध होती! बाजूला चुलीचा वैल, त्यावर पाण्याचं भगुलं. कोपऱ्यात तांब्याचा बंब आला तो नंतर, पुण्याच्या तांबट आळीतून. मधोमध नळी, नळीत निखारे, भोवती पाणी. बंब आला म्हणजे घर सुधारलं, अशी तेव्हाची समजूत.

आणि हे फक्त आपल्याच गरिबीचं चित्र आहे असं समजू नका. इंग्लंडमध्ये कामगारांच्या ओळीच्या घरांत संडास मागच्या अंगणात आणि अंघोळ शेगडीपुढं पत्र्याच्या टबात, असं विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चाललं होतं. १९५१ च्या तिथल्या जनगणनेत एक तृतीयांशाहून जास्त कुटुंबांकडं बसवलेला टब नव्हता. मग सरकारनं घरदुरुस्तीला अनुदान दिलं आणि लोकांनी बाथरूम कुठं काढलं? स्वयंपाकघराच्या मागं, पाठच्या भिंतीला जोडून. कारण? पाण्याचा पाईप आणि गटार तिथंच होतं. जगभर उत्तर एकच येतं, पाणी जिथं जातं तिथं मोरी.

पाणी आमच्याच डोंगराचं

पण पाणी जायच्या आधी यायला तर पाहिजे!

आपल्या या दोन तालुक्यांचा विरोधाभास बघा. भाटघर, नीरा-देवघर, पानशेत, वरसगाव, गुंजवणी. एवढी धरणं या डोंगरांच्या कुशीत. भाटघरचं धरण, जुनं नाव लॉइड डॅम, इंग्रजांच्या काळात १९२८ च्या सुमारास पूर्ण झालं, तेही मोठं व्हावं म्हणून आधीच्या जुन्या धरणाच्या जागी. त्याचं पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, फलटणच्या शेताला. पानशेत-वरसगावचं पाणी पुण्याच्या नळाला. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा पुणं बुडालं, ते सगळ्यांना आठवतं. पण ही धरणं होताना इथली गावं उठली, हे पुण्यात किती जणांना आठवतं?

आणि एप्रिल-मे आला की याच धरणांच्या वरच्या वाड्यावस्त्यांवर टँकरची वाट बघायची. पुण्यात शॉवरखाली दहा मिनिटं उभं राहणारा मुलगा आणि पानशेतच्या वरच्या वाडीत दोन हंडे घेऊन उतार चढणारी बाई, दोघांचं पाणी एकाच डोंगराचं.

म्हणून इथं बाथरूम बांधायचं तर आधी प्रश्न असतो, पाणी किती? २०१९ पासून जलजीवन मिशन आलं. माणशी रोज ५५ लिटर नळानं, हे त्याचं माप. आता हिशोब करा. अंघोळीची एक बादली १५ ते २० लिटर. धुणं, भांडी, पिणं, स्वयंपाक वेगळं. शहरातला फ्लश एका वेळी सात-दहा लिटर ओतणार असेल तर ५५ लिटर पुरणार कसे? म्हणून गावासाठी तीव्र उताराचं भांडं निघालं, ग्रामीण पॅन. त्याच्या ट्रॅपमध्ये पाणी कमी थांबतं आणि दीड-दोन लिटरमध्ये काम होतं. दुकानात गेलो तेव्हा काकांना चकचकीत शहरी कमोड आवडला होता. गवंडीमामा म्हणाले, "मालक, टाकी आणा, मग ह्यो आणा." विषय संपला. शेवटी भारतीय भांडंच घेतलं, आणि आजीला उठताबसता धरायला भिंतीत दोन पाईप.

देहूचा डॉक्टर आणि बारा हजार रुपये

गावात संडास आणण्याचा इतिहास आपल्याच जिल्ह्यात घडलाय. १९६० च्या आसपास डॉ. सुहास मापुसकर नावाचे तरुण डॉक्टर देहूच्या सरकारी दवाखान्यात आले. पोटाचे आजार, जंत, हगवण. औषध द्यायचं आणि पेशंट परत यायचा. त्यांच्या लक्षात आलं, दुखणं पोटात नाही, गावाच्या कडेच्या हागणदारीत आहे. त्यांनी लोकांना तयार करून संडास बांधून घेतले, आणि पहिल्याच पावसात ते खचले! दुसरा कुणी असता तर बदली मागितली असती. हे गेले अप्पासाहेब पटवर्धनांकडं शिकायला. परत येऊन स्थानिक माती, स्थानिक पाऊस बघून नव्यानं सुरुवात केली. पुढं मैल्यापासून गॅस करणारं "मलप्रभा" संयंत्र त्यांनी बनवलं. सारा जन्म देहूत काढला. २०१५ मध्ये ते गेले, २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

मग सरकारी योजनांची रांग. १९८६ मध्ये केंद्राचा ग्रामीण स्वच्छता कार्यक्रम. १९९९ मध्ये संपूर्ण स्वच्छता अभियान. महाराष्ट्रात २००० साली आर. आर. आबांचं संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान, गावागावात स्पर्धा, खराटे, रंगवलेल्या भिंती. पहाटे बांधावर टॉर्च मारणारी "गुड मॉर्निंग पथकं". त्या पथकांचे किस्से लोक हसत सांगतात, पण टॉर्चच्या उजेडात घाईनं उठलेल्या बाईला विचारा, ती हसत नाही. लाज वाटायला लावून संडास होतो का? जागा, पाणी, पैसा नसेल तर लाजेनं भिंत उभी राहत नाही. ग्रामपंचायतीची निवडणूक लढवायची तर घरी शौचालय हवं, अशीही अट महाराष्ट्रात आली.

२०११ मध्ये ग्रामीण महाराष्ट्रात साधारण ३८ टक्के घरांत शौचालय होतं. २ ऑक्टोबर २०१४ ला स्वच्छ भारत सुरू झालं, घरटी १२,००० रुपये. एप्रिल २०१८ मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याची घोषणा झाली. घोषणा आणि वापर यात फरक असतो, हे गावात राहणाऱ्याला सांगायला नको. पण बांधाबांधावर त्या तीन बाय चारच्या खोल्या उभ्या राहिल्या, हेही खरं. आमच्या बांधावरची त्यातलीच. आजी पडली ती तिच्याच वाटेवर. संडास होता. पण ऐंशीच्या घरातल्या बाईला पावसातून रात्री तिथवर जाता येईल का, हे तक्त्यातल्या कुठल्याच रकान्यात नव्हतं.

दोन खड्डे, एक चूक

मग आम्ही शेवटी काय केलं?

उत्तर आजीनंच दिलं. टेप गुंडाळून आम्ही चहा पीत बसलो होतो, ती म्हणाली, "गोठा रिकामाच हाय की."

खरंच की! बैल जाऊन सात-आठ वर्षं झाली. नांगरट आता पॉवर टिलरवर. गोठ्यात जुनी लाकडं, फुटका कणगा आणि एक बंद पडलेली सायकल. घराच्याच छपराखाली, उताराच्या अंगाला, बाहेरच्या भिंतीला लागून. चुलीपासून लांब, झोपायच्या जागेपासून बारा पावलं. शिवाय शेणमूत जायला गोठ्यात आधीपासून नाली होती. म्हणजे मोरीची वाट बापजाद्यांनी काढूनच ठेवलेली.

त्यात चार बाय सहाची खोली काढली. एका टोकाला भांडं, एका टोकाला अंघोळीची जागा, मधे दोन इंचांची पायरी, म्हणजे अंघोळीचं पाणी भांड्याकडं येत नाही. फरशी गुळगुळीत नको, खरबरीत. दार बाहेर उघडणारं. हे लक्षात ठेवा मंडळी. म्हातारं माणूस आत पडलं आणि दार आत उघडणारं असलं तर ते त्याच्या अंगालाच अडतं, उघडता येत नाही. गोठ्याच्या भिंतीत वर झरोका होता, तो तसाच ठेवला.

सांडपाणी अळूला आणि केळीला, जुन्या वाटेनं. मैल्याला दोन शोषखड्डे. हे दोन का, ते नीट समजून घ्या. एक खड्डा भरेपर्यंत वापरायचा. भरला की मधल्या कुंडीत पाईप बदलून दुसरा सुरू करायचा आणि पहिला झाकून वर्ष-दीड वर्ष सोडून द्यायचा. तोवर त्याची कोरडी, वास नसलेली माती होते. ती कुणीही उचलून शेतात टाकू शकतो. अप्पासाहेब ज्यासाठी तुरुंगात उपाशी राहिले, ते या दोन खड्ड्यांत आहे. दुसऱ्या माणसाला हातानं मैला उपसायची वेळच येत नाही.

पण आमच्याकडं पहिल्यांदा चूक झालीच. मजुरानं मधल्या कुंडीतून दोन्ही पाईप उघडे ठेवले. म्हणजे दोन्ही खड्डे एकदमच भरणार! मग विश्रांती कुणाला? अशी चूक बऱ्याच ठिकाणी होते. कुंडीवर फरशी बसण्याआधी गवंडीमामांनी डोकावलं म्हणून सापडली. एक तोंड विटेनं बंद केलं. तुमच्या गावच्या घरी दोन खड्ड्यांचा संडास असेल तर या सुट्टीत जाऊन ती कुंडी उघडून बघा. आणि आपल्याकडच्या पावसाचं एक. खाचराच्या कडेला जमिनीत पाणी वर येतं, तिथं खड्डा उथळ आणि उंचवट्यावर घ्या. विहीर, बोअर जवळ असेल तर निदान दहा मीटर लांब.

शेवटी

काम संपलं त्या दिवशी आम्ही सगळे गोठ्यापाशी, म्हणजे आता बाथरूमपाशी, उभे. आजी आत गेली. कडी लावल्याचा आवाज आला. बराच वेळ ती बाहेर आली नाही. आत्या घाबरली, "आई, बरी हायेस ना?"

आतून आवाज आला, "बरी हाय गं. बसलेय जरा."

बाहेर आल्यावर म्हणाली, "लगीन होऊन आले तवापासनं आज पयल्यांदा कडी लावून, कुणाची वाट न बघता अंघूळ केली."

साठ वर्षांहून जास्त काळ! त्यातली सगळी वर्षं जनगणनेच्या तक्त्यात आहेत, छप्पर नसलेला आडोसा या रकान्यात. ती ज्या चुलीमागच्या जागेला नाही म्हणाली, ते तिनं जुन्या विचारानं म्हटलं असेल. पण ज्या गोठ्याला हो म्हणाली, तिथं आमच्या टेपला जे दिसलं नाही ते तिला दिसलं होतं. घराचा नकाशा तिच्या पायांत होता.

तर मंडळी, एक काम देतो. या वेळी गावी गेलात की आजीला, आईला विचारा, तुम्ही अंघोळ कुठं करायचात? किती वाजता? दार होतं का? उत्तर रेकॉर्ड करून ठेवा. हा इतिहास गडावरच्या शिलालेखात सापडत नाही. आणि घरात कुणी म्हातारं असेल, तर खिशात टेप घेऊन जा. पण मापं घ्यायच्या आधी त्यांनाच विचारा, कुठं करू या.

भाग आवडला तर गावाकडच्या ग्रुपवर टाका. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि कडी लावायला विसरू नका!